सिकलसेलचं ते 'एक इंजेक्शन' आणि कपाटातली डबी

मागच्या महिन्यात या सदरात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा नुसता पाऊस पडला, बहुतेक विदर्भातून आणि काही नंदुरबारकडून. सगळी छापणं शक्य नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि कोणाचंही नाव देत नाहीये.

प्रश्न : मॅडम, माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, एसएस पॅटर्न (म्हणजे आईवडील दोघांकडून सिकलचं जनुक आलेला). डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरियाच्या कॅप्सूल दिल्या. मेडिकलवाल्यानं विचारलं, घरात कोणाला कॅन्सर आहे का? तेव्हापासून डबी कपाटात पडून आहे. सासूबाई तर हातच लावू देत नाहीत. देऊ की नको? (गडचिरोली)

उत्तर : ताई, मेडिकलवाला खोटं बोलला नाही, पण अर्धंच बोलला. हे औषध आधी रक्ताच्या कॅन्सरमध्येच वापरायचे, आजही वापरतात. सिकलसेलमध्ये ते का देतात हे सासूबाईंना सांगायचं तर थोडं मागून सुरू करावं लागेल.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात, त्यातलं फक्त सहावं बदललेलं असतं, बास, एवढीच चूक. पण त्या एका जागेमुळे रक्तपेशीनं ऑक्सिजन सोडला की आतलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब काड्या बनवतं आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक नळ्यांमध्ये अडकतात आणि पोरं हातपाय दुखतात म्हणून रात्र रात्र रडतात ते त्याच्यामुळे. शिवाय चांगली पेशी १२० दिवस टिकते, ही जेमतेम १० ते २०, म्हणून अंगात रक्त कधी पुरत नाही.

आता गंमत बघा. एसएस असलेलं बाळ पहिले काही महिने अगदी ठणठणीत असतं. १९४८ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ बाईंनी हे हेरलं आणि म्हटलं की बाळाच्या रक्तात आईच्या पोटात असतानाचं हिमोग्लोबिन अजून शिल्लक असतं तेच त्याला वाचवत असणार. आपण पोटात असताना वेगळं हिमोग्लोबिन वापरतो, जन्मानंतर ते हळूहळू बंद होतं आणि मोठ्यांचं सुरू होतं, आणि सिकलची चूक फक्त मोठ्यांच्यात असते. हायड्रॉक्सीयुरिया ते पोटातलं हिमोग्लोबिन पुन्हा थोडं वाढवतं. १९९५ च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात नुसतं दिखाऊ औषध घेणाऱ्यांना वर्षाला साधारण साडेचार वेळा दुखण्याचा झटका आला, तर हे औषध घेणाऱ्यांना अडीच वेळा. तो अभ्यास मोठ्या माणसांवर होता, पण पुढे लहान मुलांवरही काम झालं आणि आता ९ महिन्यांच्या बाळापासून द्यायचा सल्ला आहे.

नुसतं दिलं आणि विसरलं असं औषध नाही हे, त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली येऊ शकतात म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करायचीच, आणि ताप आला तर घरी क्रोसिन देऊन वाट बघत बसायचं नाही, सरळ दवाखाना. फरक दिसायलाही काही महिने जातात, पंधरा दिवसांत काही झालं नाही म्हणून बंद करणारे मी लॅबमध्ये असताना किती पाहिलेत. डॉक्टरांना खरं सांगा की इतके दिवस दिली नव्हती, ते ओरडतील थोडंसं, मग वजन बघून डोस ठरवतील.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर आलंय की सिकलसेलवर इंजेक्शन निघालं, एकदा घेतलं की आजार कायमचा संपतो. खरं आहे का? आपल्याकडे कधी येणार? (चंद्रपूर, यवतमाळ, आणि अजून सात जण)

उत्तर : बातमी खरी आहे, 'एक इंजेक्शन' हा शब्द मात्र ज्यानं घुसडला त्याला माझा नमस्कार.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटननं आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेनं कॅसजेव्ही नावाच्या उपचाराला परवानगी दिली. यात वापरली ती क्रिस्पर नावाची जनुकं कापायची कात्री, जिच्यासाठी २०२० चं नोबेल दोन बायकांना मिळालं, शार्पांतिये आणि डाउडना. आता यात मला आवडलेली गोष्ट सांगते. ही कात्री सिकलची चूक दुरुस्त करतच नाही! पोटातलं हिमोग्लोबिन बंद करणारं एक बटण असतं, बीसीएल११ए नावाचं, रक्त तयार करणाऱ्या पेशींत तेच निकामी करतात, म्हणजे पोटातलं हिमोग्लोबिन परत सुरू. थोडक्यात कपाटातली ती कॅप्सूल जे थोडं थोडं करते तेच ही कात्री जोरात करते.

पण कसं करतात ते ऐका. आधी रोग्याच्या रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी मशीननं रक्तातून काढतात, कधी कधी दोन-तीनदा प्रयत्न करावे लागतात, त्या कारखान्यात जाऊन बदलून येईपर्यंत महिने जातात, मग जुना बोनमॅरो, म्हणजे हाडातला रक्त बनवणारा मगज, रिकामा करायला बुसल्फान नावाची तगडी केमो देतात, केस जातात, तोंडात फोड येतात, पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते, आणि त्यानंतर त्या पेशी सलाईनमधून सोडतात आणि चार ते सहा आठवडे दवाखान्यात. चाचणीत ज्यांचा निकाल मोजता आला अशा ३१ जणांपैकी २९ जणांना सलग किमान १२ महिने मोठा झटका आला नाही, हे फारच भारी आहे, यात वादच नाही. किंमत अमेरिकेत २२ लाख डॉलर. रुपयांत तुम्हीच करा, मला शून्यं लिहायला ओळ पुरणार नाही.

आपल्याकडे सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेच्या दिल्लीतल्या आयजीआयबी संस्थेनं स्वतःची क्रिस्पर पद्धत बनवली आहे. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ती 'बिरसा १०१' नावानं जाहीर झाली, बिरसा मुंडांवरून, आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे दिलंय. स्वस्तात करायचा इरादा आहे. पण जाहीर होणं वेगळं आणि तालुक्याच्या दवाखान्यात मिळणं वेगळं, त्यामुळे कोणी नंबर लावून देतो म्हणून पैसे मागत असेल तर त्याला दारातूनच वाटेला लावा.

आणि हो, सख्ख्या भावंडाचा बोनमॅरो जुळला तर बोनमॅरो ट्रान्सप्लांट हा बरा करणारा उपाय आधीपासूनच आहे. प्रत्येक भावंड जुळायची शक्यता चारात एक. नवीन कात्रीच्या नादात भावंडांची तपासणी राहून गेलेली घरं आहेत, आधी ती करा.

प्रश्न : मुलगी एएस आहे (म्हणजे एकाच पालकाकडून सिकलचं जनुक आलेली). चांगलं स्थळ आलंय. मुलाची तपासणी मागितली तर सोयरीक मोडेल असं यांचं म्हणणं. मुलाकडचे म्हणतात त्याची सोल्युबिलिटी निगेटिव्ह होती. मग झालं ना? (वर्धा)

उत्तर : नाही झालं. सोल्युबिलिटी फक्त सिकलचं हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगते, एएस की एसएस तेही सांगत नाही. आणि मुलगा थॅलेसेमिया मायनर, म्हणजे थॅलेसेमिया या दुसऱ्या रक्ताच्या आजाराचा नुसता वाहक, असेल तर ती टेस्ट निगेटिव्हच येणार, पण सिकल आणि थॅलेसेमिया दोन्ही एकाच बाळात आले तर तेही आजारी पडतं. म्हणून मुलाची एचपीएलसी करा, त्या टेस्टमध्ये रक्तातलं कुठलं हिमोग्लोबिन किती ते मोजतात.

दोघंही एएस निघाले तर दर गरोदरपणात एसएस बाळ होण्याची शक्यता चारात एक. 'पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन सुटली' असं गणित घालणारे भेटतात, तसं नसतं, प्रत्येक वेळी फासे नव्यानं पडतात. लग्न करायचं नाही असं मी कुणालाच सांगणार नाही, १० ते १२ आठवड्यांत गर्भाची तपासणी होऊ शकते, ते आधी माहीत असलं पाहिजे इतकंच. आणि एएस हा आजार नाही हो. उलट १९५४ मध्ये ॲलिसन या शास्त्रज्ञांनी दाखवलं की एएस माणसाला मलेरियापासून संरक्षण मिळतं, म्हणून तर मलेरियाच्या जंगलपट्ट्यांत हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. तुमच्या मुलीत खोट असल्यासारखं बोलू नका, ती पत्र वाचत असेल.

प्रश्न : एसएस मुलीला रक्त वाढायला लोहाचं टॉनिक चालू ठेवू का? बीटही देतो. (नंदुरबार)

उत्तर : बीट देत राहा, तिला आवडत असेल तर. टॉनिक आपल्या मनानं नको. तिचं रक्त लोह कमी म्हणून नाही तर पेशी लवकर फुटतात म्हणून कमी आहे, आणि फुटलेल्या पेशींतलं लोह अंगातच राहतं, वारंवार रक्त चढवलं असेल तर जास्तच. आधी फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासा. कमी निघालं तरच डॉक्टर लोह देतील. फॉलिक ॲसिडची छोटी पिवळी गोळी दिली असेल तर ती मात्र चालू ठेवा, ती लोहाची नाही, बऱ्याच घरी दोन्हींत घोळ होतो.