भिंत हप्त्याहप्त्याने फोडता येत नाही, ताई

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि सोबत पाठवलेला कोटेशनचा फोटो मोठा करून तीनदा. थोडक्यात इथे मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. कऱ्हाडला तुमचं १९८८ सालचं विटांचं घर आहे, २००६ मध्ये वर दोन खोल्या चढवल्या. सासूबाई ७१ वर्षांच्या, गुडघ्यांमुळे जिना बंद, म्हणून मागच्या मोकळ्या जागेत १२ बाय १४ ची खोली आणि त्याला लागून टॉयलेट-बाथरूम काढायचंय, आणि काम निघालंच आहे तर किचन आणि नव्या खोलीच्या मधली भिंत १० फूट उघडून डायनिंगसाठी मोठी जागा करायचीय. कॉन्ट्रॅक्टरने ८ लाख ४० हजार सांगितलेत. तुमचा प्लॅन असा की पतसंस्थेतली ४ लाखांची ठेव मोडायची, बँकेतली अडीच लाखांची एफडी मोडायची आणि उरलेल्या २ लाखांचं पर्सनल लोन १४ टक्क्यांनी घ्यायचं. आणि प्रश्न असा की पर्सनल लोन घ्यावं का त्याऐवजी पीपीएफमधून काढावे.

माझं उत्तर, दोन्ही नको. पण त्याआधी त्या कोटेशनबद्दल बोलू, कारण खरा घोळ तिथे आहे.

खोली आणि टॉयलेट ४.६५ लाख, ओटा आणि टाइल्स १.६०, लाइट-प्लंबिंग ७० हजार, पीओपी ८५ हजार, रंग ४२ हजार. आणि सगळ्यात खाली, पेनने नंतर घातल्यासारखी एक ओळ, "भिंत तोडून गर्डर टाकणे व राडारोडा उचलणे – १८,०००". पीओपीला ८५ आणि ज्या भिंतीवर घर उभं आहे तिला १८! अहो, तुम्हीच लिहिलंय की मिस्त्री म्हणाला भिंत नऊ इंची आहे, वर बीम दिसत नाही, पण गर्डर (लोखंडी तुळई) टाकला की झालं. मी इंजिनियर नाही, म्हणून माझ्या ओळखीच्या एका स्ट्रक्चरल इंजिनियरला तुमचं स्केच दाखवलं (नाव-गाव न सांगता). तो म्हणाला आजकालच्या फ्लॅटमध्ये भिंत म्हणजे पडदा असतो, वजन कॉलम घेतात, पण या घरात भिंत हाच कॉलम आहे. किचनचा स्लॅब तिच्यावर, वरच्या मजल्याची भिंत तिच्यावर, त्यावर गच्चीचा स्लॅब, आणि तुमची १००० लिटरची टाकी बरोबर त्याच कोपऱ्यात आहे म्हणजे भरली की एक टन आणखी. १० फुटांत मिळून साधारण १५-१७ टन वजन असेल असं त्याने कागदावर काढून दाखवलं, फक्त अंदाज म्हणून. उसाने भरलेली डबल ट्रॉली डोळ्यासमोर आणा, ती तुमच्या डायनिंग टेबलवर टांगायचीय.

आता त्याला खर्च काय येतो ते बघा. १० फुटांच्या उघडणीला दोन्ही बाजूंना टेकायला एकेक फूट धरला तर १२ फुटी गर्डर लागतो, आणि नऊ इंची भिंतीखाली बहुतेक दोन शेजारी-शेजारी. २५० मिलिमीटरचा आय-सेक्शन मीटरला ३७ किलोच्या आसपास भरतो म्हणजे जोडीचं वजनच पावणेतीनशे किलो, वर प्लेटा, वेल्डिंग. पण गर्डर हा सोपा भाग. जे वजन आधी १० फूट भिंतीवर पसरून जमिनीत जात होतं ते आता दोन टोकांना येणार, प्रत्येकी आठ-नऊ टन, आणि ते जुन्या विटांवर तसंच ठेवलं तर विटा चिरडतात, म्हणून खाली काँक्रीटचे बेडब्लॉक, कदाचित दोन्हीकडे नवे कॉलम आणि त्यांचा पाया. हे सगळं होईपर्यंत वरचं घर जॅक आणि टेकूंवर. शिवाय तुमच्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, जुनं घर बसून बसून स्थिरावलंय आणि नवी खोली अजून बसायची आहे, दोन्ही एकत्र बांधलं की सांध्यात तडा हमखास. आणि कोयना किती जवळ आहे ते मी तुम्हाला काय सांगणार, ११ डिसेंबर १९६७ ची भूकंपाची पहाट सासूबाईंना विचारा, आठवत असेल त्यांना.

इंजिनियरची ड्रॉइंग आणि साइट व्हिजिट, स्टील, टेकू भाड्याने, बेडब्लॉक-कॉलम, वरच्या खोलीची गिलाव्याची दुरुस्ती, हे सगळं धरून मी तुमच्या हिशोबात भिंतीसाठी १८ हजार नाही तर पावणेदोन ते दोन लाख धरतोय. कमी लागले तर आनंद.

म्हणजे ८.४० चं काम खरं तर १० लाखांचं आहे, आणि तुमच्या प्लॅनमध्ये सगळं मोडून, कर्ज काढून साडेआठ जमतात. हे पैसे संपणार कधी? काम निम्म्यावर असताना. एरवी मी म्हणालो असतो की संपले तर संपले, रंग दिवाळीत देऊ, पीओपी नंतर करू, बिनगिलाव्याच्या खोलीत माणूस वर्षभर राहू शकतो. पण भिंत ही एकच गोष्ट अशी आहे की हातोडा पडला की ती पूर्णच करावी लागते. घर टेकूवर उभं, टेकूंचं भाडं रोज चालू आणि खात्यात शून्य, अशा वेळी कॉन्ट्रॅक्टर जे म्हणेल ते मान्य करावं लागतं, आणि मान्य काय होतं तर "एकच गर्डर चालेल हो ताई". माझ्या स्वतःच्या जुन्या घरात असंच झालं होतं. जागा दोन फूट रुंद करायची म्हणून ओळखीच्या मिस्त्रीकडून भिंत फोडून घेतली, इंजिनियरचे पैसे वाचवले, वर मिरवलं पण. पहिल्या पावसाळ्यानंतर वरच्या बाथरूमचं दार लागेना. सुताराने दार तासलं. पुढच्या वर्षी परत लागेना. मग दाराच्या कोपऱ्यातून तिरकी भेग वर गेली तेव्हा कळलं की दार नाही, घर हललंय. वाचवले त्याच्या सहापट गेले.

म्हणून माझा सल्ला, खोली आणि भिंत ही दोन वेगळी कामं करा. फोटोत दिसतंय की किचनला मागचं दार आहे, तीन फुटी. खोली त्या दारासमोरच येतेय. सासूबाईंना गरज खोलीची आणि जवळच्या टॉयलेटची आहे, त्या दारातून त्या आरामात ये-जा करतील, आणि डायनिंगची हौस आपली आहे (हौस वाईट नाही, फक्त तिला थोडं थांबायला सांगू). यंदा भिंतीला हात लावायचा नाही. फक्त इंजिनियरला आताच आणायचं, आणि नव्या खोलीचा पाया खोदतानाच पुढे जिथे कॉलम येणार तिथली सोय करून घ्यायची, तेव्हा ते स्वस्तात होतं, नंतर फरशी उखडावी लागते.

यंदाचं बजेट मग असं बसतं, खोली-टॉयलेट ४.६५, लाइट-प्लंबिंग ५० हजार, साधा रंग १५, इंजिनियर ३०, नगरपरिषदेची परवानगी आणि नकाशे २५, झाले ५.८५, वर दहा टक्के इकडचं-तिकडचं म्हणून ६० हजार. ६ लाख ४५ हजार. पीओपी काढून टाकलं मी, रागावू नका.

पैसे कुठून? पतसंस्थेतले ४ लाख पहिले. साडेनऊ टक्के व्याज दिसतं, पण बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ५ लाखांपर्यंत जो ठेव विमा असतो तो पतसंस्थेला नसतो. तुमची सगळ्यात मोठी शिल्लक सगळ्यात कमी संरक्षण असलेल्या जागी पडलीय, ती तशीही हलवा म्हणालो असतो. बँकेतली अडीच लाखांची एफडी मात्र मोडायची नाही, तुमचा महिन्याचा खर्च ४१ हजार, सहा महिन्यांचे २ लाख ४६ होतात, बरोबर तेवढीच ती आहे आणि घरात वयस्कर माणूस आहे.

पीपीएफ पण नाही. ५ लाख ८० हजार, २०२८ ला मॅच्युअर होतंय आणि तुमचा मुलगा यंदा दहावीला, म्हणजे बारावी होऊन अ‍ॅडमिशनला पैसे लागणार नेमके त्याच वर्षी. ७.१ टक्के, तेही करमुक्त, ते तोडून फरशी घालायची नसते. पाच हजारांची एसआयपी चालू राहू दे.

उरले अडीच लाख, त्यासाठी पर्सनल लोन नको, घरातलं १२ तोळे सोनं आहे त्यातलं थोडं ठेवून राष्ट्रीयीकृत बँकेतून गोल्ड लोन घ्या, हप्त्याचं. साडेनऊ टक्के धरले तर दोन वर्षांसाठी हप्ता साधारण ११,५००, एकूण व्याज २५-२६ हजार. तुमचं दोघांचं उत्पन्न ७० हजार, त्यातून खर्च ४१, गाडीचा हप्ता ३,४००, एसआयपी ५ हजार गेले की २०,६०० राहतात, म्हणजे जमतंय. फक्त वर्षाअखेर एकरकमी फेडायचं गोल्ड लोन घेऊ नका, लोक व्याज भरून नुसतं रिन्यू करत राहतात आणि मंगळसूत्र पाच-पाच वर्षं बँकेतच.

हप्ता जाऊन ९,१०० उरतात त्यातले ८ हजार बँकेच्या आरडीत, दोन वर्षं. १ लाख ९२ हजार मुद्दल, व्याज धरून दोन लाख पार. हे भिंतीचे पैसे. कर्ज संपेल त्याच सुमाराला ते हातात येतील, खोलीने दोन पावसाळे बघितलेले असतील, कुठे तडा जायचा तो गेलेला असेल आणि इंजिनियरला खरं काय ते दिसेल. ओटा-टाइल्सचे १.६० मात्र तेव्हा वेगळे लागतील, गाडीचा आणि सोन्याचा हप्ता सुटला की दहा-अकरा महिन्यांत तेही जमतात.

घरावरचं कर्ज का नको असं मिस्टरांनी विचारलंय. अडीच लाखांसाठी प्रोसेसिंग, सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशन, गहाणखत एवढं सगळं परवडत नाही. करात फायदा म्हणाल तर दुरुस्ती-नूतनीकरणाच्या कर्जावरच्या व्याजाची सूट वर्षाला ३० हजारांपर्यंतच आणि तीही जुन्या कर पद्धतीत, मिस्टर नव्या पद्धतीत आहेत म्हणजे शून्य. आणि मुख्य म्हणजे बँक देणारच नाही, कारण तुम्हीच शेवटच्या ओळीत सहज लिहिलंय की सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अजून सासऱ्यांचं नाव आहे.

ताई, ही ओळ पहिली लिहायला हवी होती. सासरे जाऊन सहा वर्षं झाली, जागा त्यांनी स्वतः घेतलेली, मृत्युपत्र नाही, म्हणजे सासूबाई, मिस्टर आणि नणंदबाई तिघांचा सारखा हक्क. नव्या बांधकामाची परवानगी मागायला जाल तेव्हा मालकीचे कागद तिथेही लागतील, आणि मागे किती जागा सोडावी लागते ते बघून खोली १२ बाय १४ बसते का ११ बाय १२ हेही तिथेच ठरेल. तर वारस नोंदीचा अर्ज आधी. नणंदबाईंना फोन करून सरळ सांगा की आईसाठी खोली बांधतोय, एवढा खर्च आमचा होतोय, पुढे काय करायचं ते बसून ठरवू. हक्कसोड करून देतो म्हणाल्या तर ते रजिस्टर करून घ्या, नाही म्हणाल्या तरी तो त्यांचा हक्क आहे, रुसू नका, फक्त कोणी किती खर्च केला याचा तिघांच्या सहीचा कागद करून ठेवा आणि बिलं जपा. कॉन्ट्रॅक्टरला अ‍ॅडव्हान्स यानंतर, तो घाई करेल, दिवाळीनंतर रेट वाढणार म्हणेल, म्हणू दे.

पतसंस्थेच्या पावत्या किती आहेत आणि प्रत्येकीची मुदत कधी संपते ते फोटो काढून पाठवा, एखादी महिन्या-दोन महिन्यांवर असेल तर ती मुदतीआधी मोडून व्याज घालवायला नको, त्याप्रमाणे पायाचं काम कधी काढायचं ते बघू.