उन्हाशी आमचं जमलंय, पावसाशी नाही

तुम्ही विचारलंय की हवामान बदलाच्या बातम्या तर रोज येतात, पण साधी माणसं त्यावर खरंच काही करतात का. मी नागपूरचा, अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला तळमजल्यावर राहतो. त्यामुळे माझं उत्तर जरा ओलं आहे.

उन्हाचं आधी आटोपतो. 23 मे 2013 ला इथे 47.9 अंश होतं. (मे 2024 मध्ये एका स्वयंचलित हवामान केंद्राने 56 दाखवलं आणि देशभर बोभाटा झाला. सेन्सर बिघडलेला निघाला, पण तोवर आम्हाला कुणालाच तो आकडा खोटा वाटला नव्हता.) डोक्याला रुमाल, खिशात कांदा, घरी पन्हं, हे आजीच्या काळापासूनचं. महापालिकेचा हीट ॲक्शन प्लॅन 2016 पासून आहे, अलीकडे सिग्नलवर हिरवी जाळीही लागते. पण खरं घड्याळ फिरवलंय ते गवंड्यांनी. शेजारच्या बांधकामावरचा मिस्त्री मे महिन्यात सकाळी सहालाच थापी घेऊन उभा असायचा. साडेअकराला काम बंद, ते परत चारनंतर. त्याच्या डब्यासाठी बायको साडेतीनला उठायची. हा खर्च कुठल्या प्लॅनमध्ये धरतात?

कूलरचं मात्र बिनसत चाललंय. ओल्या खसच्या पडद्यातून कोरडी हवा गेली की पाणी उडतं आणि हवा थंड होते, एवढाच त्याचा जीव. मे महिन्यात अवकाळी येऊन हवा दमट झाली की तोच कूलर घरभर चिकचिक करून ठेवतो. मग ज्यांना परवडतं ते एसी घेतात, आणि बिल पाहून गच्चीवर सोलर. तीन किलोवॅटला केंद्राचं 78,000 रुपये अनुदान आहे, आमच्या गल्लीत पाच-सहा घरांवर पॅनल बसले. बाकीचे चुन्यात फेविकॉल कालवून गच्चीवर दोन हात मारतात. फरक पडतो, पावसाळ्यात निम्मा धुऊन जातो.

आता पाऊस. 22 सप्टेंबर 2023 ला घरी महालक्ष्म्यांचं जेवण होतं. पंगती उठल्या, भांडी तशीच ठेवून सगळे झोपले. त्या रात्री चारेक तासांत 100 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, तलाव ओसंडला आणि नाग नदी, जिला आम्ही आयुष्यभर नालाच म्हणत आलो, घरात आली. मला जाग आली ती कशाच्या तरी धडकण्याने. फ्रिज आडवा तरंगत भिंतीवर आपटत होता. आई महालक्ष्म्यांपाशी उभी. मुखवट्यांखालच्या कोठ्या गव्हाने भरलेल्या म्हणून जागच्या हलल्या नाहीत, पण पाणी निऱ्यांच्या वर चढलेलं. विसर्जनाआधी हलवायच्या नसतात, पण तिने दोन्ही मुखवटे उतरवले, पदरात घेतले आणि जिना चढली. शहरात माणसंही गेली त्या रात्री.

त्यानंतर लोकांनी केलं ते असं: पार्किंगमधले मीटर चार फूट वर घेतले. फॅब्रिकेशनवाल्याकडून दाराच्या चौकटीला खाचा करून त्यात बसणारी, खाली रबर लावलेली लोखंडी फळी करून घेतली. मीही केली. काही जण घर विकून गेले, भाव न आलेले राहिले. आणि काही रहिवासी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले. तलावाच्या सांडव्यापुढच्या विवेकानंद स्मारकाचा, त्यामुळे अडणाऱ्या पाण्याच्या वाटेचा प्रश्न तिथे निघाला. माझ्या मते या सगळ्यात कामाची गोष्ट तीच. माझ्या फळीचं काय, माझ्या दारात अडलेलं पाणी शेजाऱ्याकडेच जाणार ना.

आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. रात्री पाऊस धरला की कुणीतरी रेनकोट चढवून तलावावर जातो आणि सांडव्याचा फोटो टाकतो. तो फोटो येईपर्यंत तळमजल्यावरचं कुणी झोपत नाही.

महालक्ष्म्या 2024 पासून वरच्या काकूंकडे बसतात. आईला ते पटलेलं नाही, लक्ष्मी कधी दुसऱ्याच्या घरी बसवतात का म्हणते. पण रांगोळीची पावलं तीच काढते, आमच्या दारापासून वरपर्यंत, बावीस पायऱ्यांवर.