उभ्या गाडीची बॅटरी कोण खातंय?

प्रश्न : काका, माझी डिझेल जीप चार दिवस अंगणात उभी राहिली की सेल्फ नुसता कटकट करतो. बॅटरी ६० अँपिअर-अवरची, दिवाळीत नवी टाकली. दुकानदार म्हणतो बॅटरी चांगली आहे, मिस्त्री म्हणतो बॅटरीच बदला. टर्मिनल काढून ठेवलं तर मात्र आठ दिवसांनीही गाडी एका सेल्फात चालू होते. दसऱ्याला स्टिरिओ आणि सीटखाली अ‍ॅम्प्लिफायर बसवलाय. किल्ली काढली तरी गाणी वाजतात, त्यामुळे पोरं खूश आहेत. काय करू?
– एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : भाऊ, बॅटरी अजिबात बदलू नका. टर्मिनल काढल्यावर ती आठ दिवस टिकते, म्हणजे दुकानदार खरं बोलतोय. गाडी उभी असताना कुणीतरी करंट ओढतंय, आणि किल्ली काढल्यावर वाजणारी गाणी हाच मला पहिला संशयित दिसतो.

तरी आधी मोजा. मल्टिमीटरची (करंट, व्होल्ट मोजायच्या मीटरची) लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला. निगेटिव्हची केबल सोडवून केबल आणि बॅटरीचा खांब यांच्यामध्ये मीटर जोडा. बॉनेट उघडं ठेवा, दारं बंद, किल्ली बाहेर. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज गेलाच म्हणून समजा. आता अर्धा-पाऊण तास गाडीला हात लावू नका. सेंट्रल लॉक आणि इतर इलेक्ट्रॉनिक्स झोपी जायला वेळ घेतात. घाईत पहिला आकडा बघून चांगल्या गाडीची वायरिंग उसवणारे मी पाहिलेत, आणि त्याचा मला फार राग येतो. गिऱ्हाइकाचे पैसे जातात, दोष तसाच राहतो.

शेवटी आकडा ०.०५ अँपिअरच्या आत आला तर ठीक. तुमच्याकडे ०.४ च्या आसपास येईल असा माझा अंदाज आहे. तेवढा करंट दिवसाला साडेनऊ अँपिअर-अवर खातो, चार दिवसांत अडतीस. साठातून अडतीस गेल्यावर डिझेल इंजिन फिरवायला काय उरणार?

आता स्टिरिओ बाहेर काढून मागच्या वायरी बघा. पिवळी वायर कायम चालू सप्लायची, त्यावर घड्याळ आणि स्टेशनं लक्षात राहतात. लाल वायर किल्लीवर चालणाऱ्या सप्लायला जायला हवी. बसवणाऱ्याने बहुधा दोन्ही एकत्र पिळून वर टेप गुंडाळली असेल. मग स्टिरिओ बंद दिसला तरी पूर्ण झोपत नाही, आणि निळ्या-पांढऱ्या वायरीतून अ‍ॅम्प्लिफायरलाही जागं ठेवू शकतो. लाल वायर सोडवून किल्लीच्या सप्लायला जोडा. पोरांना दोन दिवस वाईट वाटेल. अ‍ॅम्प्लिफायरची जाड वायर थेट बॅटरीवरून येते. तिचा फ्यूज बॅटरीजवळ असतो, गाडीच्या फ्यूज बॉक्समध्ये सापडत नाही. तो काढल्यावर आकडा खाली आला की चोर सापडला.

नाहीच आला, तर फ्यूज बॉक्सकडे वळा. फ्यूज उपटत बसू नका, त्याने झोपलेली यंत्रणा परत जागी होते. प्रत्येक फ्यूजच्या पाठीवर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. निगेटिव्हची केबल परत खांबाला जोडा, गाडी पुन्हा झोपू द्या, मग मीटरच्या पिना व्होल्टच्या भोकांत घालून, मिलिव्होल्टवर त्या ठिपक्यांना टेकवा. शून्य आलं तर त्या लाइनवर काही चालू नाही. आकडा दिसला तर ती लाइन धरून पुढे जा : डिकीचा दिवा, जीपीएस, चिकटलेला रिले (करंटने चालणारा स्विच).

सगळीकडे शून्य असूनही करंट जात असेल तर डायनॅमोचा (अल्टरनेटरचा) डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, गळका असू शकतो. बॅटरी सोडवून डायनॅमोची जाड वायर काढा, टोकाला टेप लावा आणि पुन्हा मोजा.

दोष निघाला तरी बॅटरी लगेच पूर्ववत होईल असं धरू नका. इतक्यांदा खाली बसलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट जमतं, आणि आपल्याकडचा मे महिना तिला आणखी छळतो. चार्जरवर हळू, रात्रभर भरा. चार्जर काढून काही तासांनी मोजा, १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसले की डायनॅमो नीट भरतोय.