अपडेटनंतर दुसरा मॉनिटर बंद

प्रश्न : अंबड व सातपूरच्या कारखान्यांसाठी सुट्या भागांची ड्रॉइंग्ज काढून देण्याचा माझा व्यवसाय आहे. एनव्हिडिया ग्राफिक्सच्या लॅपटॉपवर मी उबंटू वापरतो आणि एचडीएमआय केबलने दुसरा मॉनिटर जोडतो. अलीकडच्या अपडेटनंतर त्यावर ‘नो सिग्नल’ असे येते. लॅपटॉपची स्क्रीन मात्र नीट चालते. तोच मॉनिटर त्याच केबलने मुलाच्या लॅपटॉपवर चालतो. दुकानदार नवा मॉनिटर घ्यायला सांगतात. घ्यावा का?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : मुळीच घेऊ नका. मुलाच्या लॅपटॉपवर तो चालतो, म्हणजे मॉनिटर आणि केबल दोन्ही निर्दोष आहेत.

अशा लॅपटॉपमध्ये बहुधा दोन ग्राफिक्स चिप असतात : एक प्रोसेसरमधलीच आणि दुसरी एनव्हिडियाची. लॅपटॉपची स्क्रीन सहसा पहिलीला जोडलेली असते, तर अनेक मॉडेलमध्ये एचडीएमआयचे पोर्ट थेट एनव्हिडियाच्या चिपला जोडलेले असते. त्यामुळे एनव्हिडियाचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारे सॉफ्टवेअर, लोड झाला नाही, तर नेमके तुम्ही वर्णन केले आहे तसेच घडते.

अपडेटशी याचा संबंध असा, की हा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलचा (उबंटूच्या गाभ्याचा) भाग नाही. कर्नलची आवृत्ती बदलली की तिच्याशी जुळणारे मोड्यूल (ड्रायव्हरचा कर्नलला जोडला जाणारा भाग) नव्याने लागते. (एनव्हिडियाने 2022 मध्ये आपल्या मोड्यूलचा सोर्स कोड खुला केला खरा, पण ती मोड्यूलही मुख्य कर्नलबाहेरच राहिली, त्यामुळे ही कटकट सुटलेली नाही.) शिवाय हा ड्रायव्हर बसवताना कर्नलमधला ‘नूवो’ हा मुक्त ड्रायव्हर बंद केला जातो, म्हणून नवे मोड्यूल तयार झाले नाही, तर त्या चिपला कोणी वालीच उरत नाही.

खात्री करण्यासाठी संगणक सुरू होताना एस्केपचे बटण दाबून ग्रब मेनू (काय सुरू करायचे ते निवडण्याची यादी) उघडा आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडा. मॉनिटर उजळला, तर निदान झाले, आणि हातातले कामही तूर्त त्याच कर्नलवर उरकता येईल. नव्या कर्नलमध्ये टर्मिनलवर ‘एनव्हिडिया-एसएमआय’ (nvidia-smi) ही आज्ञा दिल्यावर चिपची माहिती न दिसता ड्रायव्हरशी संपर्क होत नसल्याचा संदेश आला, तर शंकेला जागाच राहत नाही.

उपाय म्हणून ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’मध्ये जाऊन उबंटूने शिफारस केलेला ड्रायव्हर पुन्हा बसवा. सिक्युअर बूट (सुरू होताना सॉफ्टवेअरची डिजिटल स्वाक्षरी तपासणारी सुरक्षा सोय) चालू असेल, तर कर्नल स्वाक्षरी नसलेले मोड्यूल स्वीकारत नाही, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. ड्रायव्हर तुमच्याच संगणकावर बांधला जात असेल, तर तो बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगितले जाते आणि रीस्टार्ट केल्यावर निळी स्क्रीन येते. तिथे घाईने ‘कंटिन्यू बूट’ दाबू नका. ‘एनरोल एमओके’ (त्या स्वाक्षरीची किल्ली संगणकात नोंदवण्याचा पर्याय) निवडून तोच पासवर्ड द्या.

ड्रायव्हर ठीक असूनही मॉनिटर दिसत नसेल, तर कोणती चिप वापरात आहे ते सांगणारी ‘प्राइम-सिलेक्ट क्वेरी’ (prime-select query) ही आज्ञा देऊन पाहा. उत्तर ‘इंटेल’ असे आले, तर एनव्हिडियाची चिप मुद्दाम बंद ठेवलेली आहे; तिथे ‘ऑन-डिमांड’ हा पर्याय निवडून संगणक रीस्टार्ट करावा. सगळे सुरळीत होईपर्यंत जुना कर्नल काढून टाकू नका.