थोरलीला पुण्याला जाऊ द्या, धाकट्याला डेअरीवर

गडहिंग्लज तालुक्यातल्या एका गावातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बारावी विज्ञान, 71 टक्के. मुलगा पंधरा वर्षांचा; बौद्धिक अक्षमता, प्रमाणपत्रावर 65 टक्के, अधूनमधून फिट येते, आठवीनंतर शाळा सुटली. ते लिहितात : “मुलगी पुण्याला जाऊन भूगर्भशास्त्र शिकते म्हणते. पण आमच्यानंतर मुलाला तीच. म्हणून तिने स्पेशल बी.एड. करावं, म्हणजे भावाला घरीच शिकवील आणि नोकरीही लागेल. पुढे लग्नसुद्धा भावाला सांभाळून घेतील अशाच घरात करू. पोरगा आधी दिवसभर डेअरीवर जाऊन बसायचा, लोक हसतात म्हणून आता घरातच ठेवतो. स्पेशल बी.एड.चं जवळचं कॉलेज सांगा.”

नमस्कार.

कॉलेज सांगणं सोपं आहे, पण मी ते सांगणार नाही. तुमचं पत्र चार पानांचं आहे. त्यात मुलाबद्दल तीन पानं आहेत, तुमच्या दोघांच्या काळजीबद्दल पाऊण पान आणि मुलीबद्दल एक ओळ. त्या ओळीतही तिला काय हवंय ते सांगून लगेच “पण” आलाय. अठरा वर्षांच्या मुलीचं शिक्षण, नोकरी, लग्न आणि सासर हे सगळं तुम्ही एका कारणासाठी ठरवून ठेवलंत. तिला विचारलंत का? विचारलं असतं तर पत्रात दिसलं असतं.

तुम्ही निर्दय नाही, हे मला कळतं. “आमच्यानंतर याचं कसं?” हा प्रश्न अशा मुलांच्या आई-बापांना रात्री झोपू देत नाही. माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी आयांनी तो विचारलाय आणि विचारताना त्यांचा आवाज खाली गेलाय. प्रश्न खरा आहे. पण तुम्ही शोधलेलं उत्तर एका माणसाच्या खांद्यावर उभं आहे. ती आजारी पडली तर? तिच्या नवऱ्याची बदली झाली तर? तिलाच मूल झालं आणि ते अंगावर पिणारं असलं तर? एका खांबावर मांडव घातला तर वारा यायची वाटच बघत बसायचं. आणि मुलींच्या बाबतीत आणखी एक होतं, ते मी पाहिलं आहे. बहिणीवर भावाची जबाबदारी लादली की कधीतरी तिचं त्याच्यावरचं प्रेम आटतं, आणि त्याची लाज वाटून ती ते कुणाला सांगतही नाही. तिला त्याची बहीण राहू द्या. दुसरी आई करू नका.

लग्नाचं तुम्ही लिहिलंय त्यावर स्पष्ट बोलते. भावाला सांभाळण्याच्या अटीवर मुलगी द्यायची, म्हणजे स्थळ तिच्यासाठी नाही, मुलासाठी बघताय. हे वाक्य तिच्यासमोर बोलला असाल तर आज संध्याकाळी मागे घ्या.

आता स्पेशल बी.एड.बद्दलचा गैरसमज. हे शिक्षण घरच्या माणसासाठी नसतं. विशेष शिक्षक हा रीतसर व्यवसाय आहे. 1992 च्या कायद्याने उभी राहिलेली भारतीय पुनर्वास परिषद हे अभ्यासक्रम मान्य करते आणि परिषदेच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही. बौद्धिक अक्षमता, श्रवणदोष, दृष्टिदोष अशा वेगवेगळ्या शाखा असतात. शाळांमधल्या विशेष शिक्षकांनी आपल्या राज्यात वर्षानुवर्षं कंत्राटावर काम केलंय. 2024 मध्ये प्रत्येक केंद्रासाठी, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटासाठी, एक याप्रमाणे 4860 पदांचा निर्णय झाला. म्हणजे नोकरी मिळाली तर तुमची लेक सकाळी डबा घेऊन दुसऱ्या गावच्या दहा-पंधरा मुलांकडे जाईल आणि संध्याकाळी दमून परत येईल. भाऊ दिवसभर होता तिथेच बसलेला असेल. ज्या कारणासाठी तुम्ही तिचं भूगर्भशास्त्र काढून घेताय, ते कारणही यातून पुरं होत नाही. ज्याला दुसऱ्याच्या मुलांना शिकवण्याची मनापासून ओढ आहे त्याने हा मार्ग जरूर धरावा: बारावीनंतर विशेष शिक्षणाचं डी.एड., पदवीनंतर सीईटी देऊन बी.एड. तुमच्या मुलीने ती ओढ कुठे दाखवल्याचं पत्रात नाही.

तिच्या वाटेबद्दल थोडक्यात. पुण्यात फर्ग्युसनमध्ये बी.एस्सी.ला भूगर्भशास्त्र आहे. एम.एस्सी.पर्यंत गेली तर यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा, राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, शिवाय धरणं, बोगदे, खाणी. ज्या जिल्ह्यात पावसाळ्यात दरडी कोसळतात आणि उन्हाळ्यात बोअरला पाणी लागत नाही, तिथल्या मुलीला दगड-माती समजून घ्यावीशी वाटते, याचं मला तरी कौतुक वाटतं. अर्ज भरू द्या, वसतिगृहाचाही.

आता मुलाकडे येते, कारण खरं पत्र त्याच्याबद्दलच आहे.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही सहज लिहून पुढे गेलात: “पोरगा आधी दिवसभर डेअरीवर जाऊन बसायचा.” रोज, आपल्या पायांनी, वेळेवर. तिथली माणसं, किटल्यांचा आवाज, संकलनाची घाई त्याला आवडत होती. त्याने त्याची जागा निवडली होती, आणि लोक हसतात म्हणून तुम्ही त्याला घरात घेतलंत. हसणाऱ्यांना तुम्ही काही बोलला नाहीत, दार मात्र मुलासाठी लावलंत. आता त्या दाराची किल्ली लेकीच्या हातात द्यायला निघालात.

2016 चा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा सांगतो की दिव्यांग व्यक्तीला इतरांबरोबर, समाजात राहण्याचा हक्क आहे. त्याच कायद्याने तुमच्या मुलासारख्या मुलांना अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिलाय, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत. म्हणजे आठवीनंतर “सुटलेली” शाळा सुटायला नको होती, आणि अजून तीन वर्षं हातात आहेत. केंद्रप्रमुखांना लेखी अर्ज द्या आणि केंद्रातले विशेष शिक्षक कोण हे विचारा. पण त्या शिक्षकाला फक्त पाटी-पेन्सिलीसाठी बोलावू नका. त्याला डेअरीवर न्या.

दूध संस्थेच्या सचिवांशी बोला. मुलाला दुधाची फॅट लावायची नाही की हिशेब करायचा नाही. नमुन्याच्या बाटल्या विसळणं, कॅन ओळीत लावणं, पावती ज्याची त्याच्या हातात देणं, यातलं एखादं काम रोज ठरलेल्या वेळी. पहिले पंधरा दिवस विशेष शिक्षक किंवा तुम्ही त्याच्या शेजारी उभे राहा, काम तुकड्या-तुकड्याने दाखवा. मग दोन पावलं मागे, मग दाराशी, मग घरी. काम जमलं की थोडे का होईना पैसे त्याच्या नावाच्या खात्यात जमा व्हायला हवेत. फुकट राबणाऱ्या पोराला कुणी सहकारी मानत नाही. फिट आली तर काय करायचं हे सचिवांना आणि तिथल्या दोघा-तिघांना आशाताईंकडून समजून घ्यायला सांगा: कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, नाकाला कांदा नाही, चप्पल नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेली तर गाडी काढायची. हे जिथे माहीत असतं तिथे लोक घाबरत नाहीत, आणि घाबरत नाहीत तिथे हसणंही कमी होतं.

शाळा, दूध संस्था, आशाताई, ग्रामपंचायत. प्रत्येकाकडे एक लहानसं, ठरलेलं काम. याला मोठ्या संस्थांच्या कागदांवर समाजाची भागीदारी म्हणतात. तुमच्या गावात हे चारही जण आधीच आहेत. फक्त त्यांना एकत्र बसवणारं कुणी नाही, आणि ते काम तुमचं आहे, मुलीचं नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. कित्येक ठिकाणी ते मार्चअखेरीला घाईघाईने वाटून टाकतात. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत लेखी मागणी करा, आणि गावातल्या इतर दिव्यांगांच्या घरच्यांना बरोबर घेऊन जा. एकट्या बापाचा अर्ज फायलीत पडून राहतो, सहा घरांनी मिळून दिलेला अर्ज सभेत वाचावा लागतो.

नाशिकच्या रजनीताई लिमयेंचा मुलगा तुमच्या मुलासारखाच होता. 1977 मध्ये त्यांनी त्याच्यासारख्या मुलांसाठी प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं, पुढे मोठ्या झालेल्या मुलांसाठी कार्यशाळा उभी राहिली. तुमच्याच कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी 1984 मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडीकॅप्ड सुरू केलं. सिंधुदुर्गातल्या त्यांच्या स्वप्ननगरी प्रकल्पात दिव्यांग माणसं काजूवर प्रक्रिया करायला लागली. तुम्ही संस्था काढावी असं मी म्हणत नाही. पण एका आईने शेजारच्या आईचं दार वाजवलं की काय होतं ते बघा.

एक तातडीची गोष्ट. मुलगा अठराचा झाला की कायद्याने तो सज्ञान होतो आणि तुम्ही वडील असूनही आपोआप त्याचे पालक राहत नाही. बँक, जमीन, दवाखान्यातली सही, सगळीकडे अडतं. राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 खाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. ते काम जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती करते: जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दरवर्षी हिशेब. आज तुम्ही पालक व्हा. तुमच्यानंतर कोण, ते तेव्हा ठरेल. मुलगी स्वतःहून हो म्हणाली तर तीही होऊ शकते, पुण्यात किंवा आणखी कुठे राहूनही. कायदेशीर पालक असणं म्हणजे चोवीस तास सांभाळणं नव्हे. आणि याच न्यासाची निरामय योजना आहे, 1 लाखापर्यंतचा आरोग्य विमा, त्यात थेरपीचा खर्चही बसतो. दिव्यांगांचं वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) काढलं नसेल तर आधी ते काढा.

गावात बारावी होऊन घरी बसलेलं कुणी पोर असेल, ज्याला माणसांत राहायला आवडतं, तर त्याला माझ्याकडे पाठवा. पुनर्वास परिषदेने मेलबर्न विद्यापीठाबरोबर 2021 मध्ये सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सुरू केला, दिव्यांग आणि गाव यांच्यात दुवा होणारे कार्यकर्ते तयार करण्यासाठी. त्यांना दिव्यांग मित्र म्हणतात. तुमच्या गावाला असा एक मित्र हवाय, आणि ज्याला ते काम करावंसं वाटतं त्याने ते करावं.

मुलीला सांगा की मला पत्र लिही. तिचे प्रश्न वेगळे असणार: कुठलं कॉलेज, विषय कुठले, खोली किती भाड्याची. त्यांची उत्तरं मी आनंदाने देईन.

आणि उद्या सकाळी पोराला आंघोळ घालून, स्वच्छ शर्ट घालून डेअरीवर घेऊन जा. आत जाऊन सचिवांसमोर बसा. तोवर त्याला बाहेर कॅनपाशी उभं राहू द्या. कुणी हसलं तर उठून त्याच्याशी बोला.