खाद्याच्या रिपोर्टमध्ये आर्सेनिक आलंय, मासे वाढत नाहीत: खाद्य फेकायचं का?

दिंडोरीकडच्या भाऊंचा प्रश्न थोडक्यात असा: शेततळ्यात रोहू, कटला, मृगळ सोडलेत, वाढ खुंटलीय. शंका आली म्हणून खाद्य लॅबला दिलं, तर रिपोर्टमध्ये आर्सेनिक ३.२ पीपीएम (म्हणजे किलोमागे ३.२ मिलिग्रॅम) आलं. आता खाद्य फेकायचं का?

भाऊ, इतक्यात फेकू नका. आधी लॅबला फोन लावून विचारा, हा आकडा एकूण आर्सेनिकचा आहे की फक्त असेंद्रिय (कार्बनशी न जोडलेल्या, जास्त विषारी) आर्सेनिकचा? बहुतेक एकूणच असणार, कारण साध्या तपासणीत तेवढंच कळतं. आणि नुसत्या एकूण आकड्यावरून माशाला त्रास होईल की नाही, हे कोणीच सांगू शकत नाही.

तुमच्या खाद्यात फिशमील (सुक्या माशांची भुकटी) असेल तर आर्सेनिक येणारच. समुद्री माशांच्या अंगात ते असतंच, पण बहुतांशी आर्सेनोबीटेन या सेंद्रिय रूपात. हे रूप पोटात गेलं तरी शरीर त्याला हात लावत नाही, जसं आलं तसं बरंचसं बाहेर टाकतं. आपण सुकट खातो त्यातही हेच असतं. म्हणून तर युरोपात माशांच्या खाद्याला एकूण आर्सेनिकची मर्यादा किलोमागे १० मिलिग्रॅम आहे, पण अधिकाऱ्यांनी मागितलं तर त्यातलं असेंद्रिय २ मिलिग्रॅमच्या खाली असल्याचं दाखवावं लागतं. तुमचे ३.२ जर सगळे फिशमीलमधून आले असतील तर मला काळजी वाटत नाही.

खरी भीती आर्सेनाइट आणि आर्सेनेट या दोन असेंद्रिय रूपांची. आर्सेनेटची ठेवण फॉस्फेटसारखी, त्यामुळे ते फॉस्फेटच्या वाटेनेच पेशीत घुसतं आणि ऊर्जा तयार होण्याचं काम बिघडवतं. आर्सेनाइट प्रथिनांमधल्या गंधकाला चिकटून एन्झाइमं बंद पाडतं. १९८० च्या दशकात रेनबो ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाला खाद्यातून वेगवेगळी रूपं देऊन पाहिली गेली. असेंद्रिय रूपं दिलेले मासे खाद्य कमी खाऊ लागले, वाढ मंदावली आणि पित्ताशय सुजून जाड झालं. डायमिथाइल आर्सिनिक आम्ल आणि आर्सेनिलिक आम्ल ही सेंद्रिय रूपं मात्र तेवढ्याच मोठ्या प्रमाणात देऊनही तसा त्रास दिसला नाही. तिथल्या असेंद्रियच्या मात्रा किलोमागे दहा-वीस मिलिग्रॅमच्या पुढच्या, बऱ्याच तर शेकड्यातल्या होत्या, हे लक्षात ठेवा. शिवाय ट्राउट म्हणजे रोहू नव्हे.

आता एक मासा कापून बघा. यकृताला लागून पित्ताची पिशवी दिसेल. निरोगी पिशवी पातळ, आरपार दिसेल अशी हिरवट असते. आर्सेनिक बरंचसं पित्तावाटे बाहेर पडतं, म्हणून पहिला मार तिथेच बसतो: भिंत जाड, पांढुरकी, चिवट होते. फसू मात्र नका. उपाशी माशाची पिशवीही टम्म फुगून काळपट हिरवी होते, पण तिची भिंत पातळच राहते. आणि जपून, पित्त फुटलं तर तो मासा कालवणात घालायच्या लायकीचा राहत नाही.

खाद्याशिवाय दुसरी वाटही आहे, आणि माझ्या मते लोक तीच विसरतात. आर्सेनेट घातलेल्या पाण्यात वाढवलेले बारीक गांडूळवर्गीय किडे ट्राउटला खाऊ घातले तर वाढ घटते, हे प्रयोगातून दिसलं आहे. तळाशी गाळ असेल तर त्यातले किडे-अळ्या मृगळ खातो, कटला वरच्या थरातले प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) खातो. त्यामुळे फक्त मृगळच मागे पडलाय की तिन्ही, हे तुमच्या जाळ्यालाच विचारा. तळ्यात कोंबडीखत टाकत असाल तर पोल्ट्रीवाल्याला त्याच्या खाद्यात आर्सेनिकचं औषध आहे का तेही विचारा. अमेरिकेत रॉक्सारसोन नावाचं असं औषध चालायचं, २०११ मध्ये त्याची विक्री थांबली. अशी औषधं माशाला थेट फारशी बाधत नाहीत, पण खतात कुजताना जिवाणू त्यांचं असेंद्रिय आर्सेनिक करतात.  

पाण्याबद्दल एवढंच: आपल्या काळ्या दगडाच्या पट्ट्यात भूजलातल्या आर्सेनिकचा प्रश्न बंगाल-बिहारसारखा नाही. तरी बोअरचं पाणी सोडत असाल तर एकदा तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे.

लॅबने असेंद्रिय २ च्या खाली सांगितलं आणि पित्ताशयं पातळ निघाली, तर आर्सेनिक सोडून द्या. पहाटे उजाडायच्या आत पाण्यातला ऑक्सिजन मोजा, एकरी किती बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली होती ते इथे लिहा, आणि खाद्याच्या गोणीवरचा प्रोटीनचा आकडाही टाका. मला तर संशय दाटीचाच, म्हणजे तळ्यात मासे जास्त झाल्याचाच येतोय.