शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला बालवाडीत कसं सांभाळावं?

मुलगा ३ वर्षांचा आहे, जूनमध्ये बालवाडी सुरू होतेय, म्हणून तुम्ही विचारताय. बालवाडीच्या बाई ऐकतात हो. घरची माणसं ऐकत नाहीत.

आमचं सासर पंचवटीत. लेक अडीच वर्षांची असताना मोठ्या एकादशीला सगळे जमलो होतो. तिची बिनकुटाची खिचडी मी वेगळी करून ठेवली होती. मी जरा आत गेले, तेवढ्यात चुलत सासूबाईंनी आपल्या ताटातला घास तिला भरवला. ‘एका घासानं काय होतंय? सवय नको का लागायला?’ पाच मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, उलटी झाली. आणि इथे मी चुकले. घरातलं ॲलर्जीचं सिरप पाजून, उतरेल म्हणून वीस मिनिटं वाट बघत बसले. आवाज घोगरा झाला, छाती वाजायला लागली, तेव्हा रिक्षा धरली. नाशिकच्या द्वारका चौकात गर्दीत अडकलो होतो आणि मांडीवरच्या पोरीचं रडणं थांबलं होतं.

दवाखान्यात मांडीच्या बाहेरच्या बाजूला ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं आणि काही मिनिटांत श्वास मोकळा झाला. त्रास काही तासांनी पुन्हा उलटू शकतो, म्हणून रात्रभर ठेवून घेतलं. सिरपनं खाज आणि गांधी कमी होतात, घशाची सूज उतरत नाही. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर!

तर बालवाडीत फोटोसकट कागद द्या: काय चालत नाही, काय दिसलं की काय करायचं, कुणाला फोन, आणि १०८. ॲड्रेनलिनचं तयार पेन (औषध आधीच भरलेलं इंजेक्शन) आपल्याकडे सहज मिळत नाही. वजनाप्रमाणे मात्रा ठरवून ॲम्प्युल (औषधाची छोटी काचेची कुपी) आणि सिरिंज वापरायला डॉक्टरांकडून स्वतः शिका, बाईंनाही शिकवायला लावा. डब्याची देवाणघेवाण बंद. वाढदिवसाचा खाऊ, प्रसाद, संक्रांतीचे तिळगूळ (त्यात बहुतेकदा दाणे असतात), चिवडा, चिक्की, सगळ्याला नाही म्हणा. पाकिटावर ॲलर्जीची सूचना असते, दर वेळी वाचा. लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेलही नको, त्यात प्रथिनं उरतात.

नातेवाईक दुखावले तर दुखावू द्या. मी दोन वर्षं दुखावतेय.

एक मात्र कबूल करते. सवयीचं म्हणणं अगदीच खोटं नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या अभ्यासात ४ ते ११ महिन्यांच्या, जास्त धोका असलेल्या बाळांना शेंगदाणा नियमित दिला, तेव्हा पुढे ॲलर्जीचं प्रमाण खूप कमी झालं. पण ती बाळं आधी तपासलेली होती आणि हे ॲलर्जी व्हायच्या आधीचं आहे. झाल्यावर कणाकणानं सवय करायची तर ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच. चुलत सासूबाईंना हे मी दोनदा समजावलं. त्या म्हणतात, ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं.’ आता एकादशीला आम्ही आमच्याच घरी असतो.